मोकळ्या रस्त्याची अफवा

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला एके दिवशी हार्वर्ड विद्यापीठातल्या एका यंत्राने आपल्या शेजाऱ्यांना कळवलं, की या जाळ्यातलं कुठलंही ठिकाण माझ्यापासून शून्य अंतरावर आहे. यंत्राच्या मेमरीत बिघाड झाला होता आणि रस्त्यांचा तक्ता वाचायला जावं तर तिथून नुसती शून्यं येत होती. शेजाऱ्यांनी विश्वास ठेवला, कारण विश्वास ठेवायचा एवढंच त्यांना शिकवलेलं होतं. त्यांनी ही बातमी आपापल्या शेजाऱ्यांना दिली, त्यांनी पुढच्यांना. ज्यांना ज्यांना आपल्या मुक्कामापेक्षा हार्वर्ड जवळ होतं, त्या सगळ्यांची पॅकेटं, म्हणजे संदेशांचे तुकडे, तिकडे वळली. आणि तिथे गेलेलं पॅकेट परत निघण्याची काही सोय नव्हती.

हे जाळं म्हणजे आर्पानेट. अमेरिकेच्या संरक्षण खात्यातल्या आर्पा या विभागाच्या पैशातून उभं राहिलेलं, आजच्या इंटरनेटचं पूर्वज. त्याची गोष्ट बहुधा २९ ऑक्टोबर १९६९ पासून सांगतात. लॉस एंजेलिसमधून स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटकडे ‘लॉगिन’ हा शब्द पाठवायला घेतला, ‘एल’ आणि ‘ओ’ ही दोन अक्षरं गेली आणि पलीकडची यंत्रणा बसली, वगैरे. गोष्ट गोड आहे, पण मला त्या जाळ्याची पुढची अठरा वर्षं जास्त ओढ लावतात. कोणीही मुख्य अधिकारी नसलेल्या जाळ्यात प्रत्येक यंत्राने आपल्यापुरता रस्ता ठरवायचा, ही कल्पना त्या माणसांनी राबवून दाखवली. मात्र राबवलेलं नीट चाललंय की नाही, हे तपासण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. दर वेळी तीच अडचण नव्या वेशात पुढे आली: नेमकं मोजायचं काय?

कल्पना आर्पानेटच्याही आधीची. सांता मोनिकातल्या रँड कॉर्पोरेशनमध्ये पॉल बॅरन हे अभियंते अणुयुद्धातही टिकेल अशा संदेशयंत्रणेचा विचार करत होते. मध्यवर्ती केंद्र असेल तर शत्रू पहिला बाँब तिथेच टाकणार. म्हणून केंद्रच नको. प्रत्येक ठाण्याने आलेलं पॅकेट धरून न बसता, उत्तम रस्ता भरलेला असेल तर त्यातल्या त्यात बऱ्या रस्त्याने लगेच पुढे ढकलावं. या पद्धतीला त्यांनी ‘हॉट पोटॅटो’ म्हटलं. ती चालेल हे दाखवायला जाळं नव्हतंच. तेव्हा शार्ला बोम या गणिती प्रोग्रॅमरने फोरट्रानमध्ये जाळ्याची नक्कल लिहिली, त्यातली ठाणी कागदोपत्री उद्ध्वस्त करून पाहिली आणि उरलेली ठाणी नवे रस्ते शिकतात का ते तपासलं. या कामाच्या ऑगस्ट १९६४ च्या अहवालावर दोघांची नावं आहेत. बॅरन पुढे जगप्रसिद्ध झाले. शार्ला बोम यांचं नाव मात्र या क्षेत्रातल्या माणसांनाही पटकन आठवत नाही. वितरित राउटिंगचं, म्हणजे केंद्राविना रस्ते ठरवण्याचं, पहिलं गंभीर मूल्यमापन त्यांच्या हातचं आहे, एवढं इथे नोंदवून ठेवतो.

प्रत्यक्ष जाळं बांधण्याचं काम मिळालं केंब्रिज, मॅसॅच्युसेट्समधल्या बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन म्हणजे बीबीएन या कंपनीला. फ्रँक हार्ट यांच्या हाताखालच्या छोट्या चमूने हनीवेल कंपनीच्या डीडीपी-५१६ या संगणकावर आयएमपी नावाचं यंत्र तयार केलं. प्रत्येक विद्यापीठात एक आयएमपी बसवायचा, आयएमपींना सेकंदाला ५० किलोबिट वाहून नेणाऱ्या भाड्याच्या टेलिफोन लाइनींनी जोडायचं, आणि विद्यापीठाचा मोठा संगणक आपल्या आयएमपीच्या हाती संदेश देऊन मोकळा. या यंत्राची मेमरी होती सोळा बिटांच्या बारा हजार शब्दांची. आजच्या हिशेबात चोवीस किलोबाइट. त्यात पॅकेटं साठवायची, चुका पकडायच्या, शेजारी जिवंत आहे का बघायचं आणि रस्ताही ठरवायचा.

रस्ता ठरवणारा भाग लिहिला विल क्राउदर यांनी. हे गृहस्थ गुहा धुंडाळण्यात तरबेज होते. पुढे त्यांनी गुहेतच घडणारा ‘अ‍ॅडव्हेंचर’ हा संगणकावरचा शब्दखेळ लिहिला आणि जगाला ते त्यासाठीच जास्त माहीत आहेत. त्यांची रीत अशी: प्रत्येक आयएमपीकडे एक तक्ता, अमुक ठिकाणी पोचायला अंदाजे किती वेळ लागेल आणि त्यासाठी पॅकेट कोणत्या लाइनवर टाकायचं. साधारण दर दोन-तृतीयांश सेकंदाला तो आपला तक्ता शेजाऱ्यांना देई आणि त्यांचे घेई. शेजारी सांगतो, मी तिथून इतका लांब. त्यात शेजाऱ्यापर्यंतचा वेळ मिळवायचा. ज्याची बेरीज सर्वांत कमी तो रस्ता. शेजाऱ्यापर्यंतचा वेळ कसा काढायचा? त्या लाइनच्या तोंडाशी या क्षणाला किती पॅकेटं उभी आहेत ती मोजायची आणि त्यात एक ठरावीक आकडा मिळवायचा. झालं.

सगळा नकाशा कोणाकडेच नाही. जो तो ऐकीव माहितीवर चाललेला, आणि तरीही पॅकेटं पोचत होती. चोवीस किलोबाइटमध्ये हे बसवणारा माणूस विलक्षणच म्हणायचा.

जाळ्याची परीक्षा घेण्याचं काम मात्र बीबीएनकडे नव्हतं. ते होतं लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात, लिओनार्ड क्लाइनरॉक यांच्या नेटवर्क मेजरमेंट सेंटरकडे. ज्याने बांधलं त्यानेच पास-नापास ठरवायचं नाही, हा शहाणपणा तेव्हा कोणाला तरी सुचला होता. क्लाइनरॉक हे रांगांच्या गणिताचे जाणकार. आयएमपीमध्ये सुरुवातीपासूनच मोजमापाची सोय ठेवलेली होती: वाटेत प्रत्येक टप्प्यावर वेळ नोंदवत जाणारं पॅकेट, ठरावीक काळाने रांगांची स्थिती सांगणारं पॅकेट, आणि हवी तेवढी खोटी वाहतूक निर्माण करणारं यंत्र.

त्या खोट्या वाहतुकीचा पहिला मोठा उपयोग झाला १९७० च्या सुरुवातीला. बीबीएनमधले रॉबर्ट कान सहकाऱ्यांना सांगत होते की भार वाढला की जाळं गोठेल. सहकारी म्हणत, असं होणं अशक्यप्राय आहे. शेवटी कान लॉस एंजेलिसला गेले, क्लाइनरॉक यांचा विद्यार्थी व्हिंट सर्फ याला बरोबर घेतलं आणि दोघांनी मिळून चार-पाच ठाण्यांचं ते इवलंसं जाळं ठरवून कोंडलं. कारण साधं होतं. लांब संदेशाचे तुकडे वेगवेगळ्या पॅकेटांतून येतात आणि मुक्कामाच्या आयएमपीने ते जोडून द्यायचे असतात. पाच-सहा संदेशांचे अर्धे अर्धे तुकडे आले की साठवणीची जागा भरते. उरलेल्या तुकड्यांना आत यायला जागा नाही, आणि ते आल्याशिवाय आतल्यांना बाहेर जाता येत नाही. मग कोणीच हलत नाही. कान केंब्रिजला पुरावा घेऊन परतले. कान आणि सर्फ यांची पुढची भागीदारी, म्हणजे टीसीपी हा इंटरनेटवर माहिती पाठवण्याचा नियमसंच, जगाला ठाऊक आहे. तिची सुरुवात अशी मोडतोडीने झाली.

ऑगस्ट १९७३ मध्ये क्लाइनरॉक आणि त्यांचे विद्यार्थी विल्यम नेलर यांनी सलग सात दिवस जाळ्याची नाडी धरली. उत्तर दिलासा देणारं निघालं: संदेश जाऊन पोच परत यायला सरासरी शंभर मिलिसेकंदांच्या आतच लागत होते. जाळं सुरेख चाललं होतं, असं कोणीही म्हणालं असतं. पण त्या काळी लाइनी बऱ्याचशा रिकाम्याच असत. रिकाम्या रस्त्यावर कुठलाही वाहतूक हवालदार कर्तबगारच दिसतो.

खरे दोष शोधले जॉन मॅकक्विलन यांनी. बीबीएनमध्ये नोकरी करता करता त्यांनी हार्वर्डमध्ये अशा जाळ्यांतल्या परिस्थितीनुसार बदलणाऱ्या राउटिंगवर पीएच.डी. केली, प्रबंध १९७४ चा. पहिला दोष असा: क्राउदरच्या पद्धतीत चांगली बातमी धावत पोचते, वाईट बातमी रांगत. समजा अ, ब आणि क ही ठाणी एका ओळीत आहेत आणि ब-क लाइन तुटली. ब ला कळतं की आपला रस्ता गेला. पण तेवढ्यात अ चा जुना तक्ता येतो: ‘क माझ्यापासून दोन टप्प्यांवर.’ अ चा तो रस्ता ब मधूनच जात होता, हे ब ला कुठे माहीत? तो लिहितो, क आता तीन टप्प्यांवर, अ मार्गे. मग अ लिहितो, चार, ब मार्गे. दोघं एकमेकांच्या भरवशावर मोजत राहतात आणि पॅकेटं त्यांच्यामध्ये फेऱ्या घालत बसतात. मॅकक्विलन यांनी त्यावर मलमपट्टी केली: वाईट बातमी आली की थोडा वेळ हट्टाने जुन्याच रस्त्याला धरून राहायचं, म्हणजे खरी बातमी सगळीकडे पसरायला अवधी मिळतो. मलमपट्टीने काही वर्षं निभावलं.

दुसरा दोष जास्त खोल होता. रांगेतली पॅकेटं मोजून ‘वेळ’ ठरवायचा, पण कुठल्या क्षणी मोजायचं? रांग पापणी लवेपर्यंत बदलते. या क्षणी तीन, पुढच्या क्षणी शून्य. आकडा शेजाऱ्यांपर्यंत पोचेस्तोवर शिळा झालेला असायचा आणि त्याच शिळ्या आकड्यावर देशभरचे रस्ते बदलायचे. शिवाय सगळ्या लाइनी सारख्या वेगाच्या राहिल्या नव्हत्या. मंद लाइनवरची तीन पॅकेटं आणि वेगवान लाइनवरची तीन पॅकेटं यांत जमीन-अस्मानाचं अंतर, पण मोजणीत दोन्ही तीनच.

याच सुमारास, १९७७ मध्ये, एमआयटीतल्या रॉबर्ट गॅलगर यांनी सिद्ध करून दाखवलं होतं की केंद्राशिवाय, फक्त शेजाऱ्यांशी बोलून, संपूर्ण जाळ्याचा एकूण विलंब किमान करणारी वाटणी गाठता येते. फक्त वाहतूक फारशी बदलत नसली पाहिजे आणि प्रत्येक ठाण्याने पावलं छोटी टाकली पाहिजेत. सिद्धता देखणी आहे. चालू जाळ्यावर ती कोणी बसवली नाही. पण ‘पावलं छोटी टाका’ हा त्यातला सल्ला बीबीएनला दहा वर्षांनी, स्वतःचे हात भाजल्यावर पटला.

मे १९७९ मध्ये आर्पानेटने क्राउदरची पद्धत निवृत्त केली. मॅकक्विलन, आयरा रिचर आणि एरिक रोझन यांनी नवी रीत आणली. आता प्रत्येक आयएमपी फक्त स्वतःच्या लाइनींचा विलंब मोजणार, पण मोजणार नीट: पॅकेट आलं की त्यावर वेळेचा शिक्का, निघालं की दुसरा शिक्का, आणि दहा सेकंदांतल्या सगळ्या पॅकेटांची सरासरी. सरासरी फारशी बदलली नसेल तर गप्प राहायचं, मात्र एखाद्या मिनिटापेक्षा जास्त नाही. बदलली असेल तर ती बातमी शेजाऱ्यांपुरती न ठेवता जाळ्यातल्या प्रत्येकाला पोचवायची. मग प्रत्येक आयएमपीकडे पूर्ण नकाशा, आणि त्यावर प्रत्येकाने आपला आपण सर्वांत कमी विलंबाचा रस्ता काढायचा. त्यासाठीचं गणित एड्सगर डाइकस्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाचं, १९५९ साली छापलेलं. अ‍ॅमस्टरडॅममध्ये होणाऱ्या बायकोबरोबर खरेदी करून दमल्यावर एका कॅफेत कॉफी पिताना वीसेक मिनिटांत ते सुचलं, असं त्यांनीच नंतर सांगितलं आहे.

ऐकीव तक्त्यांचा धंदा बंद झाला. अ आणि ब चा तो घोळ आता होणार नव्हता, कारण लाइन तुटल्याची बातमी ज्याची लाइन त्याच्याकडूनच सर्वांना थेट मिळत होती. बीबीएनने नव्या पद्धतीची चाचणी चालू जाळ्यावरच, कमी गर्दीच्या वेळा साधून घेतली. मुद्दाम भार टाकला, लाइनी पाडल्या, फेऱ्या घालणारी पॅकेटं शोधली. निकाल उत्तम आले. जाळं प्रयोगशाळेत उचलून नेता येत नाही, तेव्हा त्यांनी केलं ते योग्यच होतं. पण दीड वर्षाच्या आत जे घडलं ते कुठल्याच चाचणीच्या यादीत नव्हतं.

२७ ऑक्टोबर १९८०. आर्पानेट अचानक बसलं आणि कित्येक तास बसून राहिलं. एरिक रोझन यांनी त्याची चिकित्सा १९८१ मध्ये आरएफसी मालिकेतल्या ७८९ क्रमांकाच्या टिपणात लिहिली. अपघाताचा इतका स्वच्छ पंचनामा या क्षेत्रात फार थोडा सापडतो.

झालं होतं असं. प्रत्येक बातमीवर क्रमांक असे, म्हणजे जुनी कोणती आणि नवी कोणती ते कळावं. क्रमांकाला जागा सहा बिटांची, म्हणून ० ते ६३ आणि मग पुन्हा ०. गोल फिरणाऱ्या आकड्यांत नवा कोणता? नियम होता: अर्ध्या वर्तुळापर्यंत, म्हणजे ३२ पर्यंत जो पुढे, तो नवा. त्या दिवशी ५० क्रमांकाच्या आयएमपीच्या नावाने तीन बातम्या एकाच वेळी फिरत होत्या. क्रमांक ४४, ४० आणि ८. हे आकडे बिटांमध्ये मांडून पाहा: १०११००, १०१०००, ००१०००. पहिल्यातला एक ‘१’ गळला की दुसरा, दुसऱ्यातला एक गळला की तिसरा. शेजारच्या २९ क्रमांकाच्या आयएमपीच्या हार्डवेअरमधून खरोखरच बिट गळत होते. तारेवरून जाताना पॅकेटाची तपासणी होई. पण यंत्राच्या पोटात, एका जागेवरून दुसऱ्या जागी नकलताना काही बिघडलं तर ते धरायला कोणी नव्हतं.

आता नियम लावा. ४४ हा ४० पेक्षा नवा, अंतर चारच. ४० हा ८ पेक्षा नवा, अंतर बरोबर ३२. आणि ८? ४४ पासून पुढे मोजलं तर ६३ ओलांडून २८ पावलांवर ८ येतो, म्हणजे ८ हा ४४ पेक्षा नवा! तिन्ही बातम्या एकमेकींपेक्षा ताज्या. प्रत्येक आयएमपी एक बातमी घेई, जुनी टाकून देई, सगळ्यांना पाठवी. तेवढ्यात तिच्यापेक्षा ‘ताजी’ दुसरी हजर. बातमी शिळी झाली की मरावी म्हणून वयाची मोजणी होती, पण ती आठ सेकंदांच्या ठोक्याने चाले आणि इथे कोणतीही बातमी एका जागी तेवढा वेळ टिकतच नव्हती. यंत्रांची मेमरी या बातम्यांनी भरली. शेजारी जिवंत आहे का हे विचारायलाही त्यांना सवड उरली नाही, त्यामुळे धडधाकट लाइनी मेल्याचं जाहीर होऊ लागलं. शेवटी बीबीएनच्या माणसांनी आयएमपींना एकच जादा सूचना घातली: ५० क्रमांकाकडून येणारी बातमी ऐकू नका. मग जाळं शुद्धीवर आलं.

हार्वर्डच्या वेळी आणि या वेळी फरक किती? तेव्हाही एका यंत्राच्या मेमरीतला दोष, आताही तोच. तेव्हा खोटी बातमी शेजाऱ्यांमार्फत पसरली, आता खास बांधलेल्या जलद वाटेने. बातमी पोचवण्याची यंत्रणा जेवढी कार्यक्षम तेवढी अफवाही. रॅडिया पर्लमन यांनी पुढे १९८३ मध्ये क्रमांकांची ही भानगड मुळातून निस्तरणारी रचना सुचवली. आजच्या राउटरांमध्ये बातमीचं वय आणि क्रमांक ज्या काळजीने सांभाळले जातात, तिच्यामागे ती आहे.

मूळ मोजमापाकडे, म्हणजे विलंबाच्या सरासरीकडे, मात्र अजून कोणी संशयाने पाहिलं नव्हतं. १९८३ मध्ये आर्पानेट टीसीपी-आयपीवर गेलं, लष्करी ठाणी मिलनेट म्हणून वेगळी झाली, स्थानिक नेटवर्क जोडली गेली, आणि वाहतूक फुगू लागली. लाइनी भरल्या. आणि भरल्या लाइनींवर नवी पद्धत विचित्र वागू लागली.

मुंबई-पुण्याच्या प्रवाशाला हे लगेच कळेल. रविवारी संध्याकाळी मोबाइलवर दिसतं की द्रुतगती मार्ग खंडाळ्यापाशी तुंबलाय आणि जुना रस्ता मोकळा आहे. सगळ्यांनाच दिसतं. सगळेच जुन्या रस्त्याला लागतात, अर्ध्या तासात तो तुंबतो आणि द्रुतगती मार्गावर शुकशुकाट. आर्पानेटमध्ये पूर्व आणि पश्चिम अमेरिकेला जोडणाऱ्या मोजक्या लाइनींवर हेच दहा सेकंदांच्या ठोक्यावर चाललं होतं. एका लाइनचा विलंब वाढला, बातमी सर्वांना पोचली, सर्वांनी एकाच नकाशावर एकच गणित केलं आणि सर्वजण एकदम दुसऱ्या लाइनवर. मग उलट. एका वेळी एक लाइन तुडुंब आणि दुसरी रिकामी, म्हणजे दोन लाइनींचं भाडं भरून काम एकीचंच. विलंबाला वरची मर्यादाही ढिली होती. बीबीएनच्याच विश्लेषणानुसार, खूप भरलेली ९.६ किलोबिटची लाइन रिकाम्या ५६ किलोबिटच्या लाइनपेक्षा १२७ पट महाग दिसू शके. मग तिच्या वाऱ्यालाही कोणी उभं राहत नसे.

विलंब अचूक मोजला जात होता, हे लक्षात घ्या. दुखणं मोजणीत नव्हतं. मोजलेल्या आकड्याकडे आत्ताचं वर्णन म्हणून न बघता पुढच्या दहा सेकंदांचं भाकीत म्हणून बघितलं जात होतं, आणि ते भाकीत ऐकणाऱ्यांच्याच वागण्याने खोटं ठरत होतं. हलक्या भाराखाली दोन्हींत फरक पडत नाही, म्हणून १९७९ च्या चाचण्यांत ते दिसलं नाही.

बीबीएनमधल्या अतुल खन्ना आणि जॉन झिंकी यांनी १९८७ मध्ये यावर उपाय केला आणि तो १९८९ च्या सिगकॉम परिषदेत मांडला. त्यांनी राउटिंगचं गणित बदललं नाही, बातम्या पसरवण्याची पद्धतही बदलली नाही. फक्त मोजलेला विलंब जाहीर करण्याआधी त्याला गाळणी लावली. विलंबावरून लाइन किती भरली आहे याचा अंदाज काढायचा, मागच्या अंदाजाशी त्याची सरासरी करायची. अर्ध्यापर्यंत भरलेल्या ५६ किलोबिटच्या लाइनची किंमत हलवायचीच नाही. त्यापुढे वाढवायची, पण रिकाम्या लाइनच्या तिपटीपलीकडे कधीच नाही, म्हणजे गर्दी चुकवायला पॅकेट फार तर दोन जादा टप्प्यांचा वळसा घेईल. आणि एका फेरीत किंमत थोडीशीच बदलू द्यायची. मला सर्वांत आवडलेला बारकावा असा: नवी लाइन सुरू झाली, की तिची किंमत आधी कमाल जाहीर करायची आणि हळूहळू उतरवायची. ‘इथे अगदी रिकामं आहे’ अशी आरोळी एकदम ठोकायचीच नाही.

थोडक्यात, प्रत्येक यंत्राला खरं बोलायचं जरा कमी करायला सांगितलं गेलं. पूर्वी प्रत्येक पॅकेटाला त्या क्षणीचा सर्वोत्तम रस्ता देण्याची धडपड होती. आता सरासरी पॅकेटाला बऱ्यापैकी रस्ता मिळाला की पुरे.

हे आधी ताडून बघण्याची त्यांची युक्ती अर्थशास्त्रातली वाटावी अशी होती. एका बाजूला आलेख: लाइन इतकी भरली तर तिची किंमत किती जाहीर होईल. दुसऱ्या बाजूला: किंमत इतकी जाहीर झाली तर लाइनवर किती वाहतूक टिकेल. मागणी-पुरवठ्यासारख्या या दोन रेषा जिथे छेदतात तो समतोल. मग बघायचं, समतोलापासून जरा ढकललं तर गाडी परत तिथे येते की दोन टोकांत हेलकावत राहते. जुन्या मोजमापाची रेषा इतकी उभी होती की हेलकावे अटळ होते.

जुलै १९८७ मध्ये नवं मोजमाप आर्पानेटवर चढलं. मे आणि ऑगस्टचे आकडे त्यांनी शेजारी शेजारी छापले आहेत. वाहतूक सेकंदाला ३६६ किलोबिटवरून ४१४ वर गेली, म्हणजे तेरा टक्के जास्त. तरीही जाऊन-येऊन लागणारा सरासरी वेळ ६३५ मिलिसेकंदांवरून ३३९ वर, जवळजवळ निम्मा. वाचणारा टाळ्या वाजवून मोकळा होतो. पण त्याच तक्त्यात खाली आणखी दोन ओळी आहेत. पॅकेटं प्रत्यक्षात सरासरी ४.९१ टप्पे चालत होती, ती ३.७० चालू लागली. आणि शक्य तितका लहान रस्ता घेतला असता तर? मे महिन्यात ३.९७, ऑगस्टमध्ये ३.२४. हा दुसरा आकडा राउटिंगवर अवलंबून नसतो. तो घटला याचा अर्थ मधल्या काळात जाळ्याची रचना किंवा वाहतुकीची वाटणीच बदलली होती. तेव्हा निम्म्या झालेल्या विलंबाचं सगळं श्रेय नव्या मोजमापाला देता येत नाही. न्याय्य आकडा आहे तो प्रत्यक्ष रस्ता भागिले किमान रस्ता: १.२४ वरून १.१४. प्रत्येक पॅकेटाचा फुकटचा वळसा चोवीस टक्क्यांवरून चौदावर आला. दिसायला कमी नाट्यमय, पण माझ्या लेखी हाच खरा निकाल. आणि तो शोधायला लागणारे आकडे लेखकांनी स्वतःच तक्त्यात ठेवले, हे त्यांच्या सचोटीचं लक्षण.

गर्दीवर तोडगा त्याच वर्षांत आणखी एका दिशेने निघत होता. ऑक्टोबर १९८६ मध्ये बर्कलीतल्या लॉरेन्स प्रयोगशाळेपासून चारशे यार्डांवरच्या विद्यापीठापर्यंतचा वेग सेकंदाला ३२ किलोबिटवरून ४० बिटांवर कोसळला. व्हॅन जेकबसन यांनी टीसीपीला शिकवलं की पॅकेट हरवू लागलं की पाठवणाऱ्यानेच हात आखडता घ्यावा. ते इतकं यशस्वी झालं की रस्त्यांनी गर्दी पाहून वळावं ही निकड बरीच ओसरली. २८ फेब्रुवारी १९९० रोजी आर्पानेट बंद झालं, आणि त्याच्या मागून आलेल्या ओएसपीएफसारख्या राउटिंगच्या पद्धतींनी १९७९ च्या रचनेतला नकाशा ठेवला, डाइकस्ट्रा ठेवला, पण मोजलेला विलंब सोडून दिला. लाइनची किंमत आता एखादा अभियंता हाताने लिहितो, बहुधा तिच्या क्षमतेवरून, आणि ती महिनोन्‌महिने तशीच राहते. २००० साली बर्नार्ड फोर्ट्झ आणि मिक्केल थोरूप यांनी एटी अँड टीच्या प्रस्तावित जाळ्यावर आणि काही कृत्रिम जाळ्यांवर दाखवलं की या स्थिर किमतीच विचारपूर्वक निवडल्या तर नेहमीच्या ठोकताळ्यांपेक्षा ५० ते ११० टक्के जास्त वाहतूक पेलता येते, आणि आदर्श वाटणीपेक्षा ते थोडंच कमी भरतं. भर अशी, की ती निवड एका ठिकाणी बसून, सगळ्या जाळ्याची वाहतूक हातात घेऊन करायची होती.

त्या वाटेने पुढे गेलं की आपण गूगलच्या बी-४ या खासगी जाळ्यापाशी पोचतो. २०१३ च्या सिगकॉममध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. एक मध्यवर्ती प्रणाली डेटा सेंटरांमधली सगळी वाहतूक बघते, रस्ते वाटून देते, आणि काही लाइनी जवळजवळ शंभर टक्के भरून चालवते. एरवी अशा लांबच्या लाइनी तीस-चाळीस टक्क्यांवर ठेवण्याचा रिवाज होता. बॅरन यांनी जे केंद्र काढून टाकलं होतं ते पन्नास वर्षांनी परत आलं. मात्र त्याच लेखात बी-४ च्या अभियंत्यांनी सांगितलं आहे की आधी त्यांनी साध्या, वितरित, सर्वांत जवळचा रस्ता शोधणाऱ्या राउटिंगवर जाळं चालवून पाहिलं, केंद्रीय वाटपाचा थर त्यावर नंतर चढवला, आणि तो थर कधीही बाजूला सारता यावा म्हणून एक सोय ठेवली. तिला ते ‘बिग रेड बटन’ म्हणतात. ते दाबलं की केंद्र गप्प होतं आणि प्रत्येक ठाणं पुन्हा आपला रस्ता आपण शोधू लागतं.